घोडा का अडला?

भाकरी का करपली, पाने का सडली, घोडा का अडला? तिन्हींचे उत्तर एकच : फिरवले नाही म्हणून. महाराष्ट्रात हे कोडे ऐकले नाही असा माणूस विरळाच. कुणी ते बिरबलाच्या नावावर सांगतात, तर आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बाया दखनीत घालतात. हिंदवीत या प्रकाराला 'दोसुखने' म्हणतात. सवाल वेगवेगळे आणि जवाब एक. अमीर खुस्रोंच्या (१२५३–१३२५) नावावर असे कितीतरी सवाल लोकांच्या तोंडी आहेत. ते सगळे त्यांचेच असतील असे नाही. पण पिढ्यानपिढ्या लोकांनी ते जपले, हे मात्र खरे.

या खेळात नुसते पाठांतर कामाला येत नाही. भाकरी, पान आणि घोडा सर्वांनाच ठाऊक असतात. त्यांना जोडणारा धागा तेवढा शोधायचा असतो. एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ साली अशा आडवाटेने विचार करण्याला 'लॅटरल थिंकिंग' असे नाव दिले आणि जगभर त्याचा बोलबाला झाला. योगायोग असा, की त्याच १९६७ साली कलकत्त्यात नील ओब्रायन यांनी एका चर्चच्या सभागृहात प्रश्नमंजूषा घेतली. आपल्या देशातल्या खुल्या क्विझची सुरुवात तिथून धरली जाते.

मुंबईची हकीकत आम्हांला अधिक जवळची. 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' १९७२ साली सुरू झाली, ती हमीद सयानी यांच्या आवाजात. १९७५ मध्ये ते गेले आणि धाकटे भाऊ अमीन सयानी यांनी तो कार्यक्रम पुढे चालवला. २०२४ मध्ये अमीनसाहेब गेले, तेव्हा सर्वांनी 'बिनाका गीतमाला'ची आठवण काढली. आम्हांला आठवल्या त्या त्यांच्या आई, कुलसुम सयानी. नवसाक्षरांसाठी त्या 'रहबर' नावाचे पाक्षिक काढीत. भाषा सोपी, आणि लिपी तीन : देवनागरी, उर्दू, गुजराती. एकच मजकूर ज्याला जी लिपी येईल तीत वाचावा, हा त्यांचा विचार. ज्या घरात आईने ज्ञान सर्वांच्या हाती जावे म्हणून धडपड केली, त्या घरातल्या मुलांनी ते खेळाच्या रूपाने रेडिओवर आणावे, यात आम्हांला नवल वाटत नाही.

हे सारे मांडण्याचे कारण आमच्या गावातले आहे. आम्ही मोहल्ल्यातले वाचनालय चालवणारे चार-पाच जण. वाचनालयासमोर दोन शाळा आहेत, एक उर्दू आणि एक मराठी. मध्ये एकच भिंत. मुले एकाच गाड्यावरची बोरे खातात, पण एकमेकांची नावे त्यांना ठाऊक नसत. काही वर्षांपूर्वी आम्ही उर्दू शाळेची चार मुले एका मोठ्या आंतरशालेय स्पर्धेला नेली. सगळे प्रश्न एका गाइडातले. देश आणि राजधान्या, देश आणि चलने, सर्वांत उंच काय, पहिला कोण. ज्यांनी गाइड घोकले होते ते जिंकले. आमची मुले शून्यावर परतली. एस.टी.त एकाने विचारले, "सर, अपने कू कुछ बी नै आता क्या?"

हा सवाल आमच्या जिव्हारी लागला. सामान्य ज्ञान म्हणतात ते सामान्य कुणाचे? ते कोण ठरवतो?

मग आम्ही वाचनालयातच स्पर्धा भरवली. नियम तीनच. उत्तर विचार करून काढता आले पाहिजे. एका संघाला आले नाही तर प्रश्न पुढच्याकडे जाईल, पण चुकल्याबद्दल गुण कापायचे नाहीत. आणि प्रत्येक संघात दोन मुले उर्दू शाळेची, दोन मराठी शाळेची.

पहिल्याच वर्षी एक प्रश्न होता. बुद्धिबळातल्या ज्या मोहऱ्याला इंग्रज 'बिशप' म्हणतात, त्याला स्पेनमध्ये 'अल्फिल' म्हणतात. या नावात कोणता प्राणी दडला आहे? तीन संघांनी ठोकून सांगितले, उंट. आपल्याकडे त्या मोहऱ्याला उंटच म्हणतात ना! चौथ्या संघात एस.टी.तला तोच मुलगा होता. तो ओठांतल्या ओठांत काही पुटपुटला आणि म्हणाला, "हत्ती." त्याला कुराणातली 'अल-फील' ही सूरह पाठ होती. फील म्हणजे हत्ती. आपल्या चतुरंगातला हत्ती इराणमार्गे अरबांकडे गेला, अरबांबरोबर स्पेनला पोचला आणि तिथे नाव टिकवून राहिला. मदरशात पाठ केलेला शब्द शाळेच्या ज्ञानात मोजला जाईल, असे त्या मुलाला तोवर कुणी सांगितले नव्हते.

दुसरा प्रश्न असा. एक सण २००० साली दोनदा आला, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात. दिवाळीला हे का जमत नाही? "रमजान ईद," उर्दू शाळेच्या मुलांनी लगेच सांगितले. इस्लामी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, त्यामुळे ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येते आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. पण दिवाळीचे काय? तिचे महिनेही चंद्राचेच. मुले अडली. तेव्हा शेजारी बसलेली मराठी शाळेतली मुलगी म्हणाली, "धोंड्याचा महिना! आजी त्यात अनारसे करते." साधारण तीन वर्षांत एकदा अधिक महिना घालून हिंदू पंचांग ऋतूंशी मेळ राखते, हे तिला अनारशांमुळे ठाऊक होते. अर्धे उत्तर भिंतीच्या अलीकडे होते, अर्धे पलीकडे.

गावातले एक बुजुर्ग विचारतात, "इससे नौकरी लगती क्या?" लागत नाही. स्पर्धा परीक्षांचे प्रश्न वेगळे आणि त्यांची तयारी वेगळी. तीही करून घेतली पाहिजे. शिकलेली मंडळी म्हणतात, आता सगळे मोबाइलवर मिळते. मिळते खरे, परंतु काय विचारायचे हे आधी सुचावे लागते. अनारसे आणि ईद यांचा संबंध असू शकतो, हे ज्याच्या मनात येते तोच शोधायला जातो. दुसऱ्याच्या घरात काय शिजते, कोणता महिना कसा पाळतात, याचे कुतूहल नसेल तर हातातले यंत्र मुकेच राहते.

माधव जूलियनांचा 'फार्सी-मराठी कोश' (१९२५) आमच्या वाचनालयात आहे. पूर्वी त्याला कुणी हात लावीत नसे. आता त्याची पाने सुटली आहेत. अर्ज, शहर, कागद, बाग हे शब्द कुणाचे, यावर दोन्ही शाळांची मुले तावातावाने भांडतात आणि शेवटी 'दोघांचे' असे लिहून टाकतात. या वर्षापासून प्रश्न काढण्याचे काम मुलांकडेच दिले आहे. अट एवढीच, की प्रश्न घालणाऱ्याने आधी पलीकडच्या शाळेतल्या एकाशी तरी बोलून यावे.