टनामागचे दाते

नीरा डावा कालवा बारामती मागे टाकून इंदापूरच्या शिवारात उतरतो आणि त्याच्या पाण्यावर साखरेची दोन गावं उभी राहिलेली दिसतात. वालचंदनगरला त्याच्या मालकाचं नाव आहे. सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंदांनी 1930 च्या दशकात इथल्या माळावर ऊस, कारखाना आणि वसाहत वसवली, आणि गावानं त्यांचं नाव घेतलं. भवानीनगरला नाव आहे देवीचं, आणि तिथल्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याला राजाचं. कारखाना सभासदांचा; मालक हजारोंनी. एवढ्यांपैकी कोणाचं नाव द्यायचं? पैसा एकाचा असला की नाव सहज सुचतं, अनेकांचा असला की ते देवाकडे किंवा इतिहासाकडे मागावं लागतं. या मुलखातली मुलं पुढे बारामतीला, पुण्याला, साताऱ्याला, कोल्हापूरला शिकायला जातात आणि ज्या वसतिगृहांत उतरतात, त्यांच्या दारावरच्या नावांमागेही हाच प्रश्न उभा असतो.

वसतिगृहाचं नाव विद्यार्थ्याच्या तोंडी जितकं बसतं, तितका त्या नावाचा माणूस विरळ होत जातो. पत्त्यात, ओळखपत्रावर, घरी पाठवलेल्या निरोपात ते येत राहतं आणि हळूहळू नुसती खूण उरते. बारामतीत अनेकान्त एज्युकेशन सोसायटीनं 1962 साली काढलेलं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय पंचक्रोशीत ‘टी. सी. कॉलेज’ झालं; दोन अक्षरं राहिली. यात कृतघ्नता नाही, वापरानं कोणतंही नाव झिजतंच. पण झिजलेल्या नावाखाली हिशेबही पुसला जातो, आणि माझा आक्षेप तिथे आहे. दारावरचं नाव मान कोणाला दिला एवढंच सांगतं. छप्पर कोणाच्या पैशानं चढलं, हे ते क्वचितच सांगतं.

कोल्हापूरकडे पाहावं. शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. एकाला इंग्लंडच्या राणीचं नाव, दुसऱ्याला मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचं. आश्रय आणि आधार मात्र महाराजांचा. ही नावं खुशामतीची होती असं कोणी म्हणेल. मला ती ढालीसारखी वाटतात. ज्या मुलांना गावच्या शाळेच्या ओसरीवरही बसू दिलं जात नव्हतं, त्यांच्या दारावर गव्हर्नरच्या घरचं नाव असणं म्हणजे त्या दारावर हात टाकण्यापूर्वी कोणालाही विचार करायला लावणं. तरीही एक पायरी आणखी खाली उतरायला हवं. दरबारचा पैसा कुठून येत होता? शेतसाऱ्यातून. पंचगंगेकाठच्या कुळवाड्यानं भरलेल्या पैशावर ही मुलं शिकली, आणि त्याचं नाव राणीच्या नावाखालीही कुठे नव्हतं.

भाऊराव पाटलांच्या पाठीशी असा दरबारही नव्हता. 1924 मध्ये त्यांनी साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली, आणि 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. महाराज 1922 मध्येच गेले होते. हे नाव विचाराच्या ऋणाचं होतं. चूल पेटत होती ती गावोगाव फिरून जमवलेल्या धान्यावर आणि पैशावर. आणि धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरच्या दागिन्यांवर, शेवटी मंगळसूत्रावर. 1930 मध्ये त्या गेल्या. आज त्यांच्या नावानं संस्था आहेत, हे योग्यच झालं. महाराष्ट्रातल्या शिक्षणाच्या देणग्यांची यादी मोठ्या आकड्यापासून लिहायची रीत आहे. तिच्यात ते मंगळसूत्र कोणत्या ओळीवर येईल? देणाऱ्याकडे मागे काय उरलं, यावरून यादी लावली तर ते सर्वांत वर येईल.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. नाव मिळणार नसेल तर धनवान देणार नाहीत, आणि ते दिले नाहीत तर इमारती होणार नाहीत. आक्षेप खरा आहे, तो झटकून टाकता येत नाही. सर विठ्ठलदास ठाकरसींनी 1920 मध्ये महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव लागलं. कर्व्यांनी हा सौदा स्वीकारला आणि बरंच केलं. त्या नावाच्या छायेत पिढ्यान् पिढ्या मुली शिकल्या. पण दुसरं उदाहरणही पुण्यातच आहे. रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगीतून 1930 मध्ये अर्थशास्त्राची संस्था निघाली, तिला नाव मिळालं ते गोपाळ कृष्ण गोखल्यांचं. काळ्यांच्या वाट्याला एक स्मृतिव्याख्यान आलं, आणि 1939 मध्ये डॉ. आंबेडकरांनी संघराज्य आणि स्वातंत्र्य यांवर आपलं प्रसिद्ध भाषण केलं ते याच व्याख्यानात. म्हणजे दारावर नाव नसलं तरी दाता हरवत नाही. संस्थेनं त्याची आठवण नीट ठेवायला हवी.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा. मोठा पैसा स्वच्छ नसतो, मग ही नावं ठेवायचीच कशाला? मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीचा, त्यांच्या आईच्या नावाचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरला कापूस मिळेना, तेव्हा मुंबईत जो पैसा ओतला गेला, त्याच काळातली ही श्रीमंती. 1865 मध्ये तो फुगा फुटला आणि कितीतरी घरं बुडाली. टॉवर पुढे 1878 मध्ये पुरा झाला. मला हे नाव पुसावंसं वाटत नाही. पुसलं तर 1865 सुद्धा पुसलं जाईल. त्या नावाशेजारी ही हकिकत लिहावी, घड्याळाकडे पाहणाऱ्याला ती वाचता यावी. इंदापूर-बारामतीच्या श्रीमंतीलाही हाच नियम लावावा. इथल्या उसाला ज्यानं जन्म दिला तो कालवा 1876 च्या दुष्काळात, दुष्काळी काम म्हणून खोदायला घेतला गेला. उपाशी माणसांनी ती माती उपसली. या पट्ट्यातल्या प्रत्येक देणगीच्या तळाशी त्यांची पाटी आणि कुदळ आहे.

तिसरा आक्षेप सहकाराच्या माणसाचा असेल. साखरपट्ट्यातल्या अनेक शाळा, महाविद्यालयं, वसतिगृहं उसाच्या बिलातून टनामागे कापलेल्या पैशावर उभी राहिली. ती कपात सभेच्या ठरावानं होते; तिला दान कसं म्हणायचं, आणि हजारो नावं कोणत्या भिंतीवर मावतील? नावं मावणार नाहीत, हे कबूल. ती लिहायची गरजही नाही, एक खरी ओळ पुरे. आणि कपात सक्तीची होती असं मानलं, तर हिशेबाचा हक्क वाढतोच. स्वेच्छेनं देणारा विसरूही शकतो. ज्याच्या बिलातून पैसा आधी वळता झाला आणि उरलेला हाती पडला, त्या दीड एकरवाल्याला आपल्या पैशाचं काय झालं ते कोनशिलेवर वाचता आलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी तिथे उद्घाटकाचं नाव असतं, अध्यक्षांचं असतं, संचालक मंडळाचं असतं.

2021 मध्ये राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं 82 वसतिगृहं काढायचा निर्णय घेतला. खर्चासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये आणि तेवढीच भर सरकारची, अशी योजना. दिवाळीनंतर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून जी कुटुंबं बीड, पाथर्डीकडून भवानीनगरसारख्या कारखान्यांच्या फडांत येतात, पहाटेच्या गारठ्यात कोयता चालवतात, त्यांच्याच हातून तो टन तयार होतो. आपल्या लेकरांच्या वसतिगृहाचे पहिले दाते तेच आहेत. संतांचं नाव दारावर राहू द्यावं, ते त्या माणसांच्या श्रद्धेचं आहे. कारखान्यांच्या सभासदांना आणि संस्थाचालकांना विनंती एवढीच: पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव करा आणि प्रत्येक वसतिगृहाच्या कोनशिलेवर नावाखाली साल, रक्कम आणि ती कोणाच्या कष्टातून आली हे लिहा. ऊस लावणाऱ्याचं लिहा, तोडणाऱ्याचंही लिहा.