धंदा : मजुरी

जात पडताळणीच्या अर्जाला वंशावळ जोडावी लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणून मुलीच्या अर्जाच्या वेळी माझ्या पणजोबांची नोंद हुडकून काढली. नाव, जात, आणि पुढे 'धंदा : मजुरी'. खोटं काही नाही. पण कसली मजुरी, हे कोण लिहिणार?

आमच्या घरी अशाच मजुरीचा एक पुरावा आहे, तो कुठल्याच कार्यालयात चालणार नाही. बिडीचं पान कापायचा पत्र्याचा फरमा. आगपेटीहून जरा मोठा, कडा झिजून गुळगुळीत झालेला. आजी भिजवलेल्या तेंदूपानावर तो ठेवायची, कडेकडेनं कैची फिरायची आणि जाड शीर टाळून चौकोनी पान सुटायचं. चिमूटभर जर्दा, एक वळसा, दोरा, मग नखानं तोंड मुडपायचं. हे सगळं बोलता बोलता. सूप मांडीवर, नजर दारातल्या पोरांवर.

मजुरी हजारावर. सट्टेदार, म्हणजे ठेकेदार, मोजताना मूठभर बिड्या 'छाट' म्हणून बाजूला सारायचा. छाटेचे पैसे नाहीत आणि बिड्याही परत नाहीत. आजी म्हणायची, ''छाट त्याच्या घरी जाऊन चांगली होते.'' मालकशाहीवर यापेक्षा नेमकं वाक्य मी नंतर वाचलेलं नाही.

कन्हानच्या पुलापलीकडच्या कामठीत बाबू हरदासांनी बिडी कामगारांना संघटित केलं, ठेकेदाराच्या तावडीतून सुटावं म्हणून सहकारी तत्त्वावर काम सुरू केलं. 'जय भीम' या अभिवादनाचं श्रेय त्यांना देतात, ते सगळ्यांना माहीत. बिडीचं काम मात्र फारसं कुणी सांगत नाही. १९३७ साली ते आमदार झाले आणि १९३९ मध्ये, पस्तिशीतच गेले. आजी त्यांचं नाव घरातल्या माणसासारखं घ्यायची.

आबाजी, म्हणजे आजोबा, मनसरकडच्या खाणीत मँगनीज फोडायचे. हातोड्यानं दगड फोडायचा, खनिज वेगळं करायचं. त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक आहे. ते बोलतच नसत. बाबा कोळशात गेले. १९७३ ला खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ ला वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) स्थापन झाली आणि त्यानंतर ते लोडर म्हणून लागले. कपाळावर दिवा, कमरेला बॅटरी. कोळसा काढून झाला की वरची जमीन खचू नये म्हणून पोकळीत पाण्याबरोबर वाळू सोडत. वाळू कन्हान नदीचीच. ''नदी खाली भरून येतो,'' असं ते रात्रपाळीहून आल्यावर म्हणायचे. पगार ठरलेला, दवाखाना, फंड, पुढे पेन्शन. पहिल्यांदाच घरातल्या कुणाच्या तरी कामाला कागद मिळाला.

त्या पगारानं बिड्या सुटल्या. फरमा शिवणाच्या डब्यात गेला; मी तो वहीच्या लेबलांना रेषा मारायला वापरायचो. आजी एकदा म्हणाली, ''तुह्या बापाची फी ह्याच्यानंच भरली.'' तेव्हा मी लेबल चिकटवण्यात गुंग होतो.

बिडी कामगारांचा कायदा १९६६ चा होता, घरी बसून वळणाऱ्या बायाही त्यात यायच्या. आजीच्या हाती ओळखपत्र कधी आलं नाही. बाबांच्या नोकरीच्या कागदांत तिच्या नावापुढे 'गृहिणी' आहे. ते बाबांनीच सांगितलं असणार, आणि अभिमानानं: आईला आता काम करावं लागत नाही!

प्रतिज्ञापत्रासाठी वंशावळ टाइप झाली. पणजोबा, आबाजी, बाबा, मी, मुलगी. सरळ एक रेघ. आजीचं नाव घालू का, विचारलं तर टाइप करणारा म्हणाला, बायकांची नावं लागत नाहीत. अर्जाला लागत नसतील. तुम्ही घरची वंशावळ काढायला बसाल, तेव्हा दुसऱ्या कागदावर आज्यांची नावं लिहा, आणि नावापुढे काम. कामठी-कन्हानला बिड्या वळलेल्या बायका अजून आहेत. बहुतेक सत्तरीच्या पुढे गेल्यात.