सांगली ते श्टुटगार्ट, पोर्ट ८०९६

बाबांनी टेप करून ठेवलेल्या कॅसेटी आणि नव्वदीतल्या लग्नामुंजींच्या व्हिडिओ फिती आमच्या सांगलीच्या घरात आता एका छोट्या यंत्रावर आहेत. रास्पबेरी पाय ३, त्याला जोडलेली हार्ड डिस्क आणि त्यावर जेलीफिन, म्हणजे घरातली गाणी नि फिती घरातूनच पुरवणारा सर्व्हर. आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, काकांची पेटी आहे, गणपतीतल्या मेळ्याच्या तालमी आहेत. यातलं काहीही मला परक्या कंपनीच्या साठवणीत ठेवायचं नव्हतं. आजीचा आवाज घरातच राहावा आणि घरच्यांना वाटेल तेव्हा ऐकता यावा, एवढीच इच्छा. जेलीफिन निवडलं ते त्यासाठीच. २०१८ च्या डिसेंबरात एम्बी या सर्व्हरचा पुढचा कोड खुला राहणार नाही असं ठरल्यावर स्वयंसेवकांनी त्याचीच शाखा काढून हा प्रकल्प उभा केला. त्यात वर्गणी नाही, मध्ये कुणी नाही.

घरात सगळं सुरळीत होतं. माजघरातल्या टीव्हीवर, आईच्या फोनवर, कुठंही १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता आणि पुढे पोर्ट ८०९६ टाकलं की पडदा उजळायचा. ताई मात्र श्टुटगार्टला. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून, म्हणजे बाहेरून ८०९६ वर येईल ते या यंत्राकडे पाठव असं सांगून, मी तिला बाहेरचा पत्ता कळवला.

"अरे, नुसतं गोल गोल फिरतंय," ताई म्हणाली.

"शेवटी काय लिहून येतंय?"

"वेळ संपली, असं काहीतरी."

या उत्तरात निम्मं निदान होतं. 'जोडणी नाकारली' असं आलं असतं तर तिची हाक सांगलीपर्यंत पोचली आणि इथल्या यंत्रानं नाही म्हटलं, असा अर्थ झाला असता. 'वेळ संपली' म्हणजे कुणी उत्तरच दिलं नाही. हाक वाटेत कुठंतरी हरवली. जेलीफिनच्या सेटिंगमध्ये शोधत बसण्यात मग अर्थ उरत नाही. तरी खात्री हवी म्हणून यंत्रावर टीसीपीडंप लावला. दारात येणारं प्रत्येक पॅकेट तो दाखवतो. ताईला पुन्हा पान उघडायला सांगितलं. पडद्यावर काहीच आलं नाही. स्वतःच्या फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहिलं, तरी तेच. ही चाचणी नेहमी मोबाइल डेटावरूनच करावी, कारण घरातूनच घराचा बाहेरचा पत्ता गाठायचा म्हटला तर प्रत्येक राउटर वेगळा वागतो आणि त्यातून चुकीचे निष्कर्ष निघतात.

उत्तर राउटरच्याच पानावर होतं. वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, रकान्यात १०० ने सुरू होणारा पत्ता दिसत होता, आणि 'माझा आयपी काय' असं विचारल्यावर बाहेरचं संकेतस्थळ भलताच आकडा सांगत होतं. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची ही पट्टी २०१२ च्या एप्रिलमध्ये खास राखून ठेवली गेली, इंटरनेट पुरवठादारांना अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवता यावेत म्हणून. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. माझ्या राउटरनं दार उघडलं होतं, पण ते दार रस्त्यावर नव्हतंच.

एखाद्या मोठ्या वाड्याचा पत्ता एकच असावा, तसं हे आहे. आतल्या बिऱ्हाडानं पत्र धाडलं की दारावर नोंद होते, आणि उत्तर बरोबर त्याच बिऱ्हाडात पोचतं. पण बाहेरून आपणहून आलेलं पत्र कुणाला द्यायचं, हे दारावरच्या माणसाला कळायला मार्ग नाही. ते तिथंच राहतं.

पुरवठादाराच्या ग्राहक सेवेनं वेग मोजायला सांगितला. वेग उत्तम होता. जोडणी बघायला आलेल्या तंत्रज्ञानं मात्र राउटरच्या पानाकडं बघून लगेच ओळखलं. "साहेब, आपल्या भागात सगळ्यांचं असंच हाय. बाहेरनं आत यायचं असंल तर स्टॅटिक आयपी घ्यावा लागतोय, त्याचं पैसं येगळं." सरळ आणि खरं उत्तर होतं ते.

स्टॅटिक आयपी मी घेतला नाही. कारण पैसे नव्हे. सार्वजनिक पत्त्यावर उघडं पोर्ट दिसलं की ते हुडकणारे आपोआप चालणारे प्रोग्राम लवकरच दार वाजवू लागतात. आजीच्या ओव्यांसमोर साऱ्या जगाला दिसणारं लॉगिनचं पान असावं, हे मला नको होतं.

पण हे सगळं समजून घेताना वाईट वाटलं, आणि अजून वाटतं. १९८१ साली आयपीव्ही४ ठरलं तेव्हा जाळ्यावरचं प्रत्येक यंत्र दुसऱ्याच्या बरोबरीचं होतं; कुणीही हाक मारावी, कुणीही उत्तर द्यावं. पत्ते मात्र ३२ बिटांचे, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले, आणि त्याच एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकचा साठाही तळाला गेला. आपल्याकडं घरोघरी इंटरनेट आलं ते त्यानंतर. त्यामुळं इथली बहुतेक घरं जाळ्यावर नुसती घेणारी झाली. जगभरातलं हवं ते आत येतं. पण आपल्या घरातलं काही दुसऱ्याला द्यायचं म्हटलं की आधी ते कुणा मोठ्याच्या हवाली करावं लागतं. ही तांत्रिक तडजोड आहे हे मान्य. तरी घराला स्वतःचा पत्ता असणं ही मला हक्काची गोष्ट वाटते.

मार्ग निघाला तो टेलस्केलचा. वायरगार्ड या खाजगी बोगद्याच्या पद्धतीवर ते उभं आहे. दोन्हीकडची यंत्रं आपणहून बाहेर हाक मारतात, समन्वय करणारा सर्व्हर एकाचा ठावठिकाणा दुसऱ्याला कळवतो, आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पॅकेटं सोडून भिंतीतून वाट काढली जाते. आतून गेलेल्या पत्राचं उत्तर आत येऊ देतात, याच नियमाचा हा उपयोग. गंमत अशी की टेलस्केल यंत्रांना जे पत्ते देतं तेही १००.६४ च्याच पट्टीतले, त्यामुळं कुठला आकडा कुणाचा हे वहीत लिहून ठेवलेलं बरं.

दोन्हीकडं ते बसवलं आणि ताईला ओव्या ऐकू आल्या. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मीही नाही.

पण तिच्या लग्नाची फीत अडखळत होती, आणि तिथं दोन दुखणी एकात एक मिसळली होती. टेलस्केलचा पिंग मारला तर उत्तर फ्रँकफर्टच्या मध्यस्थ सर्व्हरमार्गे येत होतं. थेट वाट सापडली नाही की टेलस्केल असं रिले वापरतं. मजकूर कूटबद्धच राहतो, पण सगळ्यांच्या सामायिक रिलेवर व्हिडिओचा ओघ मावत नाही. दोघांकडं आयपीव्ही४ सामायिक. जर्मनीत केबलवरच्या बऱ्याच जोडण्यांना असंच असतं, त्याला तिथं डीएस-लाइट म्हणतात. मात्र त्या जोडणीवर आयपीव्ही६ चा स्वतंत्र, खरा पत्ता मिळतो. आयपीव्ही६ चे पत्ते १२८ बिटांचे, तिथं टंचाईचा प्रश्नच नाही. माझा पुरवठादारही ते देत होता, फक्त राउटरमध्ये तो पर्याय बंद ठेवलेला होता. चालू केला, यंत्र पुन्हा सुरू केलं, पिंग मारला, आणि फ्रँकफर्टचं नाव गेलं. सांगली आणि श्टुटगार्ट थेट बोलू लागली.

दुसरं दुखणं जेलीफिनच्या डॅशबोर्डवर दिसत होतं: 'ट्रान्सकोडिंग'. फिती संगणकात घेताना एमपेग-२ मध्ये घेतल्या होत्या आणि ताईचा ब्राउझर ते स्वरूप वाजवत नाही. त्यामुळं बिचाऱ्या पाय ३ ला पाहता पाहता चित्र नव्यानं घडवावं लागत होतं, आणि ते त्याच्या ताकदीबाहेरचं. मी मोठ्या संगणकावर एफएफएमपेग लावून सगळ्या फिती एकदाच एच.२६४ मध्ये करून घेतल्या. ५७६ ओळींचं जुनं पाल चित्र, त्यातल्या आडव्या दातेरी रेघाही काढल्या. आता पाय नुसती फाइल पुढे सरकवतो आणि लग्न न थांबता लागतं.

बेळगावच्या आत्याच्या जोडणीवर आयपीव्ही६ नाही. तिच्याकडं अजून रिलेच आहे, पण आवाजापुरता तो पुरतो. आजीच्या मागून ओवी उचलणारी दुसरी बाई कोण, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आत्यानं फोन करून शेजारच्या घरातलं नाव सांगितलं, आणखी एका कॅसेटीत मेळ्याची नाव नसलेली गाणी कुणी म्हटली तेही. ती नावं मी जेलीफिनच्या 'कलाकार' रकान्यात भरतोय. आत्या ऐकत जाते तसतसा रोज एखादा फोन येतो.