कुत्र्याचा पिंजरा आणि चिंचिला

पिंजरा म्हटला म्हणजे आपल्याकडील मुलांच्या डोळ्यांपुढें बहुधा पोपट उभा राहतो. (देशी पोपट पिंजऱ्यांत ठेवणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे, ही गोष्ट पुष्कळ पालकांस अजूनहि ठाऊक नसते, ती येथें सांगून ठेवितों.) तारेचा घुमट, वर अडकविण्याची कडी, आंत एक दांडी व मिरचीची वाटी, एवढ्यांत त्या पिंजऱ्याचें वर्णन आटोपतें. त्याच्या दोन तारांमध्यें तेवढेंच अंतर कां, त्याची जमीन तशीच कां, असले प्रश्न आपणांस सहसा पडत नाहींत. मला ते पडले ते २०१९ सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत, आणि तेहि पोपटावरून नव्हे, तर कुत्र्याच्या एका जुन्या पिंजऱ्यांत चिंचिला नांवाचा प्राणी ठेवावयाचा निघाला तेव्हां.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिशिगन येथें राहतो. तिकडे कुत्र्यास लहानपणापासून दिवसांतून कांहीं तास जाड तारांच्या, घडी होणाऱ्या पिंजऱ्यांत बसण्याची संवय लावितात. भावाचा कुत्रा आदल्या हिवाळ्यांत म्हातारा होऊन मेला, आणि त्याचा पिंजरा घडी करून तळघरांत भिंतीशीं उभा ठेवलेला होता. मी गेलों तेव्हां माझी बारा वर्षांची पुतणी एका नव्या विचारांत गढलेली होती. जवळच्या शहरांतील अनाथ प्राण्यांच्या आश्रयगृहांत दोन चिंचिला माद्या आल्या होत्या. त्यांच्या धन्यानें त्या सोडून दिल्या होत्या व त्यांस घर पाहिजे होतें. बापानें तिला कागदावर एक हिशेब करावयास सांगितला. हा प्राणी नीट ठेवला तर पंधरा वर्षें व त्याहूनहि अधिक जगतो, तेव्हां तो मरेल त्या वेळीं तुझें वय काय असेल? तिनें सत्तावीस असा आंकडा लिहिला व त्याखालीं रेघ ओढिली. मग बाप म्हणाला, "बरें तर. पण नवा पिंजरा मिळणार नाहीं. खालीं आहे तो घे."

चिंचिला म्हणजे काय हें वाचकांस सांगितलें पाहिजे. उंदीर, खार व साळू यांप्रमाणें हा कुरतडणारा प्राणी आहे. त्याचे दांत जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्यास जन्मभर कांहींतरी चावावेंच लागतें. वजन अर्धा किलो, कान गोल व पातळ, शेपूट झुपकेदार, मागचे पाय लांब. उडी मात्र सहज माणसाच्या छातीइतकी. त्याचें मूळ घर दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतांत, कोरड्या, थंड व खडकाळ उतारांवर आहे. आपल्या डोक्यावर एका मुळांतून एकदोन केंस उगवतात. चिंचिलाच्या अंगावर तसल्या एका मुळांतून पन्नास-साठ उगवतात. असल्या केंसाळ कातड्याचा मोह माणसांस पडला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याची इतकी कत्तल झाली कीं, १९१० सालीं चिली, बोलिव्हिया, पेरू व अर्जेंटिना या चार राष्ट्रांनीं करार करून शिकारीस बंदी घातली. चिलींत त्यांच्याकरितां १९८३ पासून एक राखीव रान आहे, तरी रानांतील चिंचिला आजहि नामशेष होण्याच्या भीतींत आहे.

मग अमेरिकेंतील घरोघरचे चिंचिला आले कोठून? मॅथायस चॅपमन नांवाच्या एका अमेरिकन खाण-इंजिनियरानें चिलींत असतांना अकरा चिंचिला मिळविले आणि १९२३ सालीं ते कॅलिफोर्नियांत आणिले. डोंगरावरून त्यांस एकदम खालीं न आणतां, खालच्या उष्ण हवेची संवय व्हावी म्हणून थोडें थोडें उतरविलें, आणि जहाजावर त्यांच्या पिंजऱ्यांजवळ बर्फ ठेवीत. आज तिकडे पाळलेले बहुतेक सर्व चिंचिला या अकरांचे वंशज होत असें मानितात. चॅपमनचा हेतु कातड्याच्या व्यापाराचा होता. म्हणजे आश्रयगृहांतील त्या दोन माद्यांस परत पाठवावयाचें म्हटलें तरी पाठवावयास अँडीजमध्यें घर उरलेलें नव्हतें. जें काय घर मिळणार तें तळघरांतील त्या पिंजऱ्यांतच.

पिंजरा उघडून उभा केला. लांबी ४२ इंच, रुंदी २८, उंची ३०. भावानें त्याच्या दारावरील कुत्र्याच्या दांतांच्या खुणा बोटानें पाहिल्या आणि पुष्कळ वेळ तो कांहीं बोलला नाहीं. पुतणीनें मात्र पट्टी घेऊन तारांमधील अंतर मोजलें. तें सव्वा इंच भरलें. कुत्र्याच्या दृष्टीनें ती भिंत होती, पण चिंचिलाच्या दृष्टीनें खिडकी. कुरतडणाऱ्या प्राण्यांचा ठोकताळा असा आहे कीं, ज्या फटींतून डोकें गेलें तिच्यांतून बहुधा धडहि जातें. आणि चिंचिलाचें जें फुगीर अंग दिसतें तें बरेंचसें केंसांचें असतें. शिवाय आश्रयगृहांतील बाईंनीं एक गोष्ट मोकळेपणानें सांगितली होती. एप्रिलच्या आरंभापर्यंत त्या दोघी एका नराबरोबर होत्या. चिंचिलाचा गर्भकाळ सुमारें १११ दिवसांचा; तेव्हां त्यांपैकीं एखादी गाभण असेल किंवा नसेल. पिल्लाचें वजन जन्मतः पन्नास ग्रॅमच्या आसपास असतें, आणि तें डोळे उघडे घेऊन जन्मतें व कांहीं तासांतच धांवूं लागतें. म्हणून पिंजरा मोठ्यांच्या मापानें करून भागणार नव्हतें. जें अद्याप जन्मलेंच नव्हतें, कदाचित् जन्मणारहि नव्हतें, त्याच्या डोक्याचें माप धरावयाचें होतें. आम्हीं आंतून अर्ध्या इंचाची जाळी लावावयाचें ठरविलें.

जाळी कोणती घ्यावी यावर वाद झाला. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी स्वस्त असते, आणि कोंबड्यांच्या खुराड्यास ती उत्तम. परंतु जो प्राणी दिवसरात्र दांत घाशीत बसतो त्याच्या पोटांत तें जस्त जाऊं शकतें, व जस्त पोटांत जाणें त्यास विषासारखें आहे. म्हणून स्टेनलेस स्टीलची जाळी घ्यावयाचें ठरलें. तिची किंमत कित्येक पट. पुतणीनें वाढदिवसाचे सांठविलेले पैसे त्यांत घातले. दुकानदार तीन फूट रुंदीची ती जाळी फुटावर कापून देत असे, तेव्हां किती फूट घ्यावयाची याचा हिशेब आला. आमच्या वर्गांतील मुलांनीं हा हिशेब पुढें न वाचतां आधीं स्वतः करून पाहावा. चार बाजू व वरचें छत मिळून ५३७६ चौरस इंच, म्हणजे सुमारें ३७ चौरस फूट व वर एक तृतीयांश. पुतणीनें त्यास तिहींनीं भागून साडेबारा फूट असें उत्तर काढिलें. क्षेत्रफळ बरोबर होतें. परंतु बाजूंची उंची ३० इंच व जाळीची रुंदी ३६ इंच. सहा इंचांची पट्टी प्रत्येक ठिकाणीं कापली जाणार, आणि असल्या पट्ट्या जोडून भिंत केली तर प्रत्येक सांध्याला नवी फट. मी तिला जुन्या वर्तमानपत्राच्या ३६ इंच रुंदीच्या पट्ट्या जमिनीवर अंथरावयास सांगितलें. घेर १४० इंच, छताचे ४२, मिळून १८२ इंच. म्हणजे पंधरा फूट दोन इंच. सोळा फूट घेतली. उरलेल्या सहा इंची पट्ट्या वायां गेल्या नाहींत, हें पुढें येईलच.

जाळी तारांस बांधावयाची कशानें? तिकडे प्लॅस्टिकच्या बंदांची फार चाल आहे, व ते सोयीचे खरेच; पण चिंचिला ते एका रात्रींत तोडून गिळील, आणि गिळलेलें प्लॅस्टिक आंतड्यांत अडकलें तर प्राणी दगावतो. आम्हीं स्टीलचीच बारीक तार घेऊन पक्कडीनें टांके घातले, दर तीन-चार इंचांवर एक. जाळीचीं कापलेलीं टोंकें बाहेरच्या अंगास वळविलीं व कानशीनें घांसलीं. हें काम दोन दिवस चाललें आणि तेवढ्या वेळांत बोलणें फार थोडें झालें.

दार हा सर्वांत कठीण भाग. दारास जाळी लावणें सोपें, परंतु दार व चौकट यांमध्यें बिजागरीच्या बाजूस एक व कडीच्या बाजूस एक अशा दोन उभ्या फटी राहतात. कुत्र्याच्या पिंजऱ्यांत त्यांची कोणी दखलहि घेत नाहीं. त्या सहा इंची पट्ट्या येथें उपयोगीं पडल्या. चौकटीच्या आंतून त्या अशा बसविल्या कीं, दार लागलें म्हणजे पट्टी व दार एकमेकांवर येत. घडीच्या कोपऱ्यांतील आंकडे तारेनें कायमचे बांधून टाकिले, कारण जी वस्तु घडी होऊं शकते ती भलत्या वेळींहि घडी होऊं शकते. तळाशीं प्लॅस्टिकचें ताट होतें. तें काढून त्याच मापाचें स्टीलच्या पत्र्याचें ताट करून घेतलें व त्यावर भट्टींत वाळविलेल्या पाइनच्या लांकडाचा भुसा पसरला. पुष्कळ पिंजऱ्यांची जमीन उघड्या तारेची असते. ती झाडावयास बरी, पण चिंचिलाच्या तळपायांस तीमुळें फोड येतात व एखादा पाय तारांत अडकून मोडतो. तें ताट ज्या खांचेंतून बाहेर ओढावयाचें, ती खांच दीड इंच उंच होती. हें कोणाच्या ध्यानांत आलें नसतें. पुतणी उपडी निजून जमिनीच्या पातळीवरून पाहत होती म्हणून आलें. तेथें पत्र्याची एक पट्टी दोन बोल्टांनीं बसविली. ताट काढावयाचें असलें म्हणजे ती सोडावयाची.

आंत लांकडी फळ्या लाविल्या, कारण चिंचिला जमिनीवर राहणारा नव्हे, खडकांवर उड्या मारणारा आहे. येथेंहि लांकडाची निवड करावी लागते. देवदाराच्या जातीचें सुगंधी लांकूड चालत नाहीं, त्याच्या तेलानें त्यास श्वासाचा त्रास होतो. प्लायवुड चालत नाहीं, त्यांत सरस असतो. रंग दिलेलें तर मुळींच नको. साधा, वाळलेला पाइन बरा. फळीस खिळा न मारतां बोल्ट घालावा व तारांच्या दोन्ही अंगांस रुंद वॉशर घालून नट आंवळावा, कारण ही फळी टिकावयाची नसतेच. तो प्राणी ती सावकाश खाऊन टाकितो व आपण दुसरी लावावयाची. खालची फळी व वरची फळी अशा आडव्या सरकवून बसवाव्या कीं, चुकून पडला तरी एक फुटाहून अधिक खोल पडूं नये. त्याचीं हाडें फार बारीक असतात.

पाण्याची बाटली कांचेची घेऊन बाहेरून टांगिली. आंत फक्त धातूची नळी. एका कोपऱ्यांत संगमरवराची लादी ठेविली, तीवर तो गरमींत पोट टेकून बसतो. चिंचिलास घाम येत नाहीं, आणि पंचवीस-सव्वीस अंशांच्या वर उष्मा गेला कीं त्याच्या जिवास धोका असतो. त्यास पाण्यानें न्हाऊं घालावयाचें नाहीं, कारण तितक्या दाट केंसांत शिरलेलें पाणी लवकर वाळत नाहीं व कातड्यास बुरशी येते. आपल्या अंगणांत चिमण्या जशा धुळींत लोळतात, तसा तोहि अत्यंत बारीक अशा ज्वालामुखीच्या राखेंत लोळून स्वच्छ होतो.

हें वाचून आमच्या शाळेंतील एखादा मुलगा आजच संध्याकाळीं बापाजवळ चिंचिला मागेल, म्हणून स्पष्ट लिहितों. सोलापुराकडे मे महिन्यांत पारा चाळिसाच्या पलीकडे जातो. आपल्या पत्र्याच्या अगर कौलांच्या घरांत, वीज केव्हां जाईल याचा नेम नसतां, त्या प्राण्यास आणणें म्हणजे त्यास भट्टींत ठेवणें होय. परंतु ज्यांच्या घरीं ससा किंवा गिनीपिग आहे त्यांनीं पट्टी घेऊन एकदां आपल्या खुराड्यापाशीं अवश्य बसावें, व माझ्या पुतणीप्रमाणें जमिनीशीं गाल टेकून पाहावें.

माद्या घरीं आल्या तेव्हां पहिले दोन दिवस त्या कोपऱ्यांतील लांकडी खोक्यांतून बाहेर पडल्या नाहींत. तिसऱ्या रात्रीं तळघरांतून खडखडाट ऐकूं आला. आम्ही दिवा न लावतां जिन्यावर बसून ऐकत राहिलों. शाळा उघडावयाची म्हणून जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत मी परत आलों.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यांत पुतणीचा दूरध्वनि आला. "काका, दोन झालीं!" एवढेंच ती आधीं म्हणाली. सकाळीं शाई सांडल्यासारखीं दोन ओलीं पिल्लें आईच्या पोटाखालीं दिसलीं होतीं. तिनें लगेच वरच्या दोन्ही फळ्या काढून टाकल्या. दुपारीं तीं वाळून फुललीं, आणि त्यांतील एक सरळ ताटाच्या खांचेपाशीं जाऊन पत्र्याच्या पट्टीवर पुनः पुनः नाक घाशीत राहिलें. तिनें बोल्ट आणखी एक फेरा आंवळले, आणि मग स्वयंपाकघरांतील तराजू आणून दोघांचीं वजनें घेतलीं: एक ४८ ग्रॅम, दुसरें ५३.