आसेगावचे मैदान आणि कबड्डीचा दम

कारंजा लाड आणि शिरपूर ही नावे आपल्या वाचकांना नव्याने सांगावयास नकोत. कारंज्याची प्राचीन मंदिरे आणि शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ यांच्या दर्शनासाठी दूरदूरचे यात्रेकरू वाशिम जिल्ह्यात येतात. त्याच जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील आसेगाव मात्र त्यांच्या वाटेवर सहसा येत नाही. बँकेच्या सेवेत असताना पीककर्जाच्या पाहणीसाठी माझे या गावी जाणे-येणे असे. गेल्या हिवाळ्यात शिरपूरचे दर्शन घेतल्यावर वाट थोडी वाकडी करून आम्ही उभयता तेथे गेलो.

भोवती वऱ्हाडची काळी जमीन. सोयाबीन निघून गेले होते, तूर शेंगांनी लवली होती आणि कपाशीची वेचणी सुरू होती. एका जुन्या परिचित व्यापाऱ्यांच्या घरी सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपले आणि पाय मोकळे करण्यासाठी आम्ही बाहेर पडलो. गावाच्या कडेला मोकळ्या जागेत चुन्याच्या रेषा आखून मुले कबड्डी खेळत होती. ध्वनिक्षेपक नव्हता, समालोचक नव्हता. पंधरा-वीस पावलांवरूनही चढाई करणाऱ्या मुलाचे ‘कबड्डी, कबड्डी’ स्पष्ट ऐकू येत होते. तो मध्यरेषेकडे झेपावला की बघ्यांतून आरोळी उठे आणि लगेच शांतता पसरे. कारण पुढच्या चढाईचा दम सर्वांनाच ऐकायचा असे.

कबड्डी हा मुळात कानाने खेळावयाचा खेळ आहे. प्रतिपक्षाच्या अंगणात शिरलेल्या खेळाडूने दम अखंड आणि स्पष्ट उच्चारला पाहिजे, असा नियमच आहे. दम तुटला तर पंच त्याला परत पाठवितो आणि लाभ प्रतिपक्षाला मिळतो. बचावाची साखळी धरणारे गडीही एकमेकांच्या हाकेवर हालचाल करतात. म्हणजे पंचाचा निर्णय आणि संघाचा डाव, दोन्ही आवाजावर अवलंबून असतात.

या खेळाशी वऱ्हाडचे नाते जुने आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे सादर केली. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला आणि २०१४ पासून प्रो कबड्डीने तिला घराघरांतील दूरदर्शन संचावर आणले. ही प्रतिष्ठा आनंदाचीच आहे. परंतु पडद्यावरील झगमगाटाबरोबर तेथील संगीताचा गजरही गावोगावच्या मैदानांवर उतरला.

त्याचा प्रत्यय आम्हाला दोनच दिवसांनी आला. जिल्ह्यातील दुसऱ्या एका गावी रात्रीचे खुले सामने होते. मैदानाच्या दोन्ही अंगांना डीजेच्या पेट्यांच्या भिंती उभारल्या होत्या. प्रत्येक गुणानंतर गाणे वाजे आणि पुढची चढाई सुरू झाली तरी ते थांबत नसे. पंच खेळाडूच्या तोंडाजवळ कान नेऊन दम टिपू पाहत होते. एका चढाईत दम तुटला की नाही यावरून दोन्ही संघांत वाद पेटला आणि खेळ बराच वेळ खोळंबला. त्या गदारोळात प्रेक्षकांच्या टाळ्याही ऐकू येत नव्हत्या. मैदानालगतच्या घरांतील लहान मुले आणि आजारी माणसे ती रात्र कशी काढत असतील, हा विचार मनातून जाईना.

आवाजाचा हिशेब सरळव्याजासारखा नसतो. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते. केवळ तीन डेसिबलने ती दुप्पट होते. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा आवाज ८ तासांपर्यंत सुसह्य मानला, तर याच हिशेबाने १०० डेसिबलच्या आवाजात कानाला अवघी १५ मिनिटे मिळतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. शासनाने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले, तर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपक लावता येत नाही.

हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलला अफाट गर्दी लोटते. मिशिगन विद्यापीठाचे मैदान तर लाखाहून अधिक प्रेक्षकांचे आहे. पाहुण्या संघाला आपल्याच गड्यांच्या खुणेच्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून तेथील प्रेक्षक जाणूनबुजून गर्जना करतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात तर प्रेक्षकांना संघाचा ‘बारावा खेळाडू’ म्हणतात. तरीही त्या खेळाच्या नियमावलीत एक विवेक राखलेला आहे. संघाला हाका ऐकू येऊ नयेत असा आवाज वाद्यवृंदाने किंवा ध्वनियंत्रणा चालविणाऱ्याने करू नये, असे तेथे बंधन आहे. माणसाच्या कंठाला मुभा आणि यंत्राला लगाम, हा भेद आपल्या मैदानांनीही स्वीकारण्याजोगा आहे.

येथे आपल्या व्यापारी कुटुंबांचा संबंध येतो. गावच्या स्पर्धांची बक्षिसे, चषक, खेळाडूंचे गणवेश यांचा मोठा भार बाजारपेठच उचलते. तरुण पावतीपुस्तक घेऊन दुकानात येतात आणि आपण आनंदाने आकडा लिहितो. खेळाला दिलेले हे दान योग्यच आहे. मात्र त्यातील किती रक्कम खेळाडूंसाठी आणि किती डीजेच्या भाड्यासाठी, हे विचारण्याचा अधिकार देणगीदाराला आहे. कर्ज देताना बँकही रकमेचा विनियोग कशासाठी, हे आधी विचारते.

आसेगावच्या त्या व्यापारी मित्रांनी आपल्यापुरता नियम केला आहे. ते देणगी रोख न देता मॅट, गुडघ्याचे पट्टे आणि प्रथमोपचाराची पेटी या रूपाने देतात. सोबत दोनच अटी घालतात: चढाई चालू असताना संगीत बंद आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद. “मुले ऐकतात का?” असे मी विचारले. ते म्हणाले, “एक वर्ष कुरकुर केली. आता पंचच आमच्या बाजूचे झाले आहेत.” यंदा पावतीपुस्तक आपल्या गादीपर्यंत येईल, तेव्हा या दोन अटी पावतीवरच लिहून द्याव्यात, एवढीच वाचकांना विनंती.