तांबडी पेन्सिल

मला एक जुनी खोड आहे. दुसऱ्याचें लिखाण हातीं आलें कीं माझी तांबडी पेन्सिल आपोआप चालूं लागते. तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्याचा हा परिणाम, अशी मी स्वतःची समजूत घालीत आलों. पण गेल्या आश्विनांत एका परिषदेच्या निमित्तानें मी जॉर्जियास गेलों आणि ती समजूत डळमळली.

परिषद संपल्यावर एका स्नेह्यानें मला द्राक्षांचा हंगाम दाखविण्यास काखेती प्रांतांतील एका कुटुंबाकडे नेलें. चहापलीकडे न गेलेला मी मद्य करणाऱ्याच्या घरीं पाहुणा, याचें माझें मलाच हसूं येत होतें! तेथील कोठारांत अंड्याच्या आकाराचे मातीचे मोठाले रांजण गळ्यापर्यंत जमिनींत पुरलेले होते. त्यांना क्वेव्री म्हणतात. या प्राचीन रीतीची युनेस्कोनें २०१३ सालीं मानवजातीच्या वारशांत नोंद केली आहे. पांढरीं द्राक्षें तुडवून रस, साली, बिया, देठ, सारें रांजणांत जातें. विकतचें किण्व नाहीं, साखर नाहीं. सालीवरच्या सूक्ष्म जंतूंनींच रस फसफसूं लागतो; पुढें गाळ निमुळत्या तळाशीं बसतो आणि पांच-सहा महिन्यांनीं मधाच्या रंगाचें मद्य वर निवळून राहतें.

"मग तुम्हांला काम काय उरतें?" मीं विचारलें. स्नेह्यानें प्रश्न समजावून सांगतांच यजमान हसले. वेलींची छाटणी, रोग पडूं नये म्हणून मोरचूद-चुन्याची बेताची फवारणी, रस फसफसत असतां वर येणारा सालींचा थर दिवसांतून अनेकदां काठीनें खालीं दाबणें, आणि रांजण रिकामा झाला कीं चेरीच्या सालीच्या कुंच्यानें तो घासून धुणें. मोठ्या रांजणांत माणूसच आंत उतरतो.

"एके वर्षीं एका रांजणांतलें मद्य आंबून त्याचा शिरका झाला," ते म्हणाले. "द्राक्षांचा दोष नव्हता. रांजण मींच नीट धुतला नव्हता."

हें वाक्य माझ्या मनांत रुतून बसलें. माझी मुलगी पंधरा वर्षांची असतांना कथा लिही आणि मोठ्या हौसेनें मला दाखवी. मी एकेक वाक्य सुधारून देत असें. कथा निर्दोष होत. फक्त त्या तिच्या राहत नसत. पुढें वही माझ्यापुढें येईनाशी झाली. पोरीची आवड ओसरली, असें मी चारचौघांत सांगत असें. तिला पुस्तकें आणून द्यावीं, निवांत जागा द्यावी, जवळ बसून ऐकावें, ही मेहनत मीं टाळली होती. सोपी होती ती ढवळाढवळ मात्र मनसोक्त केली होती.

परत आल्यावर मीं तिला हें सारें पत्रानें कळविलें. उत्तरासोबत तिनें एक कथा धाडली. तिनें लिहिणें सोडलेंच नव्हतें. मला दाखविणें तेवढें सोडलें होतें.

तिसऱ्या ओळींत एक शब्द चुकला आहे. पेन्सिल मेजावरच आहे. कथा मीं दोनदां वाचली आहे, आणि तिला काय लिहावें हें अजून ठरत नाहीं.