कबरीवरची पाती

२०२३ च्या एप्रिलात प्रवास सवलत घेऊन आम्ही कुटुंबासह श्रीनगरला गेलो. इतर मंडळी शिकाऱ्यात बसायला निघाली. आम्ही आधी हारवन गाठले. सम्राट कनिष्काच्या काळी काश्मिरात धम्मसंगीती भरली, ही परंपरा आम्ही लहानपणापासून ऐकलेली. तिथल्या प्राचीन विहाराच्या अवशेषांसमोर त्रिसरण-पंचशील म्हटले. परतताना वाटेत एक कबरस्तान लागले.

कबरींवर आयरिसची पांढरी-जांभळी फुले डोलत होती. आम्ही फुलांकडे बघत राहिलो. तिथला म्हातारा माळी मात्र पाने दाखवू लागला. कबरीवरच्या जातीचे पान दोन बोटे रुंद, निळसर हिरवे, तलवारीसारखे. मधली शीर वर आलेली नाही, दोन्ही बाजू सारख्या, बुडाशी पाने पंख्यासारखी एकात एक बसलेली. जवळच्या शेताच्या बांधावर दुसरी जात होती. तिचे पान गवतासारखे अरुंद, पण चिवट. ओढून पाहिले, तुटेना.

म्हातारा म्हणाला, "फूल थोड्या दिवसांचे. पुढे पानावरूनच कळते, इथे आपले माणूस आहे."

ते ऐकून आमच्या पोटात कालवले. १९९१ साली आमची आई गेली, तेव्हा गावच्या स्मशानात आपल्या लोकांना जागा नव्हती. ओढ्याकाठी तिला मूठमाती दिली, खुणेला दगड ठेवला. पुराने तो नेला. आज ती नेमकी जागा आम्हा भावंडांनाही दाखवता येत नाही.

आयरिसचा गड्डा गावी न्यावा म्हटले, तर माळ्याने मान हलवली. कडक थंडीशिवाय ही जात फुलत नाही. परतीच्या गाडीत आठवले, आपल्या वेखंडाचे पानही असेच तलवारीसारखे! फरक एवढाच, की वेखंडाच्या पानाची मधली शीर बोटाला लागते, कडेला चुण्या असतात आणि पान चुरगळले की वास येतो. तोच वास आईच्या हातांना असायचा. वस्तीत कुणाचेही बाळ असो, त्याच्या टाळूला लावायला वेखंड तीच उगाळायची.

त्या पावसाळ्यात ओढ्याच्या ओलीत आम्ही वेखंड लावले. जागा अंदाजाची आहे, पण पान हिरवे आहे. आणि स्मशानभूमीच्या जागेसाठी ग्रामपंचायतीत अर्जही दिला आहे. ज्यांच्या गावी अजून अशी जागा नाही, त्या बंधू-भगिनींनीही तो द्यावा.

जय भीम!